संकेत आणि जोडणी : टेप ड्राइव्ह व स्कझी बस यांच्या इतिहासाविषयी काही विचार

१

आमच्या विभागातील एका लोखंडी कपाटात अकरा चुंबकीय फितींचा एक लहानसा डबा बरीच वर्षे पडून होता. इ. स. २००३ ते २००५ या काळात आम्ही काही विद्यार्थ्यांनी बोलींच्या पाहणीसाठी जी ध्वनिमुद्रणे केली होती, त्यांची राखीव प्रत या फितींवर उतरवून ठेवण्यात आली होती. मूळ मुद्रणे ज्या संगणकावर होती तो पुढे निकामी होऊन भंगारात गेला. परंतु राखीव प्रत आहे या भरवशावर त्या वेळी कोणी फारशी हळहळ केली नाही. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीस त्या सामग्रीची गरज भासली, तेव्हा असे ध्यानात आले की, फिती आहेत, पण त्या वाचणारा ड्राइव्ह नाही. ड्राइव्ह मिळवला, तर तो ज्याला जोडावयाचा तसा संगणक नाही. आणि संगणकही मिळवला, तरी दोहोंची जोडणी कशी होती हे सांगणारा एकही कागद त्या डब्यात नाही. झाकणावर 'बोली – २' एवढीच अक्षरे होती.

त्या शोधाची हकीकत सांगणे हा प्रस्तुत लेखाचा मुख्य हेतू नव्हे. तिचा शेवट काय झाला हे अखेरीस थोडक्यात येईलच. टेप ड्राइव्ह संगणकास जोडण्याची जी पद्धत सुमारे पंचवीस वर्षे जगभर रूढ होती, तिचा इतिहास पाहावा आणि त्यातून संशोधनसाधनांच्या जतनाविषयी एक मुद्दा मांडावा, एवढाच येथे उद्देश आहे. तो मुद्दा असा की, फीत ही एकटी साधन होऊ शकत नाही. ज्या संकेतांच्या आधारे ती लिहिली गेली त्या संकेतांसह ती साधन होते.

'संकेत' हा शब्द येथे हेतुतः योजला आहे. आपल्या भाषेत त्याचा एक अर्थ खूण असा आहे, तर दुसरा अर्थ परस्परांत ठरलेली गोष्ट, म्हणजे करार, असा आहे. अमुक शब्दाने अमुक अर्थ समजावा, हा जो लोकांत ठरलेला संबंध, त्यासही भारतीय शब्दविचारात 'संकेत' असेच म्हटले आहे. खूण आणि करार या दोहोंना एकच शब्द असावा हे अर्थपूर्ण आहे, कारण करारावाचून खूण ही केवळ एक आकृती उरते. संगणकाच्या तारांवरून जे विद्युत्संकेत धावतात त्यांचीही स्थिती याहून निराळी नाही.

२

प्रथम 'बस' या शब्दाकडे पाहू. लॅटिन भाषेत 'ओम्निबुस' या रूपाचा अर्थ 'सर्वांसाठी' असा होतो. ते 'ओम्निस' या विशेषणाचे चतुर्थी बहुवचन होय. एकोणिसाव्या शतकात कोणीही भाडे देऊन बसावे अशा घोडागाडीस हे नाव पडले आणि पुढे इंग्रजीत त्याचे शेपूट तेवढे उरले. म्हणजे आज आपण जो 'बस' शब्द वापरतो तो वस्तुतः एका विभक्तिप्रत्ययाचा अवशेष आहे. विजेच्या कारखान्यात अनेक यंत्रांना एकाच जाड पट्टीवरून वीज पुरवली जाऊ लागली, तेव्हा त्या पट्टीला 'बसबार' म्हणू लागले. आणि तेथून हा शब्द संगणकात आला. अनेक उपकरणांनी मिळून वापरावयाचा एकच मार्ग, हा त्याचा तेथील अर्थ. मार्ग सर्वांसाठी असला की कोणी केव्हा बोलावे, कोणाला उद्देशून बोलावे आणि बोलणे कोठे संपले असे समजावे, हे प्रश्न अपरिहार्यपणे उपस्थित होतात.

संगणकाच्या आरंभीच्या काळात हे प्रश्न प्रत्येक कारखानदार आपल्यापुरते सोडवीत असे. इ. स. १९५१ च्या मार्च महिन्यात अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या ताब्यात आलेल्या युनिव्हॅक संगणकास 'युनिसर्व्हो' नावाचे टेप ड्राइव्ह होते. त्यांतील फीत अर्धा इंच रुंदीची आणि धातूची होती : कांस्याच्या पट्टीवर निकेलचा मुलामा दिलेली. तिच्या एका इंचात १२८ अक्षरचिन्हे मावत. पुढल्याच वर्षी, म्हणजे १९५२ मध्ये, आयबीएम कंपनीने आपल्या ७०१ या संगणकासाठी ७२६ हा ड्राइव्ह आणला. त्यातील फीत प्लास्टिकची होती. यांपैकी एका कंपनीचा ड्राइव्ह दुसरीच्या संगणकास जोडावा, हा विचारही त्या वेळी कोणाच्या मनात आला नसता. ड्राइव्ह हा संगणकाचाच एक अवयव होता.

या स्थितीत मोठा बदल घडला तो १९६४ मध्ये. त्या वर्षी आयबीएमने सिस्टिम/३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली आणि तिच्याबरोबर बाह्य उपकरणे जोडण्याची एक समान रीतही ठरवली. जाड केबलींची एक जोडी एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे, तेथून तिसऱ्याकडे, अशी साखळीसारखी फिरवली जाई. त्यांतील एका केबलीस 'बस' म्हणत व दुसरीस 'टॅग'. बसवरून मजकूर जाई. टॅगवरून तो मजकूर म्हणजे पत्ता आहे, आज्ञा आहे की प्रत्यक्ष माहिती आहे, हे कळे. आशय आणि आशयाविषयीची खूण यांना स्वतंत्र तारा द्याव्या, ही कल्पना पुढील सर्व इतिहासात टिकून राहिली. साखळीच्या टोकास टर्मिनेटर बसवावा लागे, हेही येथे नमूद केले पाहिजे.

१९७० मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीने पीडीपी-११ या संगणकाबरोबर 'युनिबस' आणली. स्मृती आणि उपकरणे या सर्वांसाठी एकच मार्ग, असा या नावातील 'युनि'चा अर्थ. तथापि एकच मार्ग म्हणजे एकाच कंपनीचा मार्ग. लहान संगणकांसाठी टेप ड्राइव्ह बनवणाऱ्या पर्टेक या कंपनीची जोडणी इतर अनेकांनी उचलली आणि ती व्यवहारात रूढ झाली. परंतु ती केवळ अर्ध्या इंची फितींच्या ड्राइव्हपुरती होती. डिस्कसाठी वेगळी केबल, वेगळे कार्ड, वेगळा कार्यक्रम. ज्या प्रदेशात प्रत्येक पेठेची भाषा वेगळी आहे तेथे व्यापाऱ्यास जितके दुभाषे ठेवावे लागतील, तितकी कार्डे संगणकाच्या मालकास ठेवावी लागत.

३

सर्वांची एक व्यवहारभाषा असावी, ही गरज ज्यातून भागली त्या योजनेचा आरंभ शुगार्ट असोसिएट्स या डिस्क बनवणाऱ्या कंपनीत झाला. लॅरी बाउचर यांच्या पुढाकाराने १९७८ च्या सुमारास तेथे एक जोडणी आखण्यात येऊ लागली व १९८१ मध्ये ती जाहीर झाली. कंपनीच्या नावावरून तिला शुगार्ट असोसिएट्स सिस्टिम इंटरफेस, संक्षेपाने 'सासी', असे म्हणत. एनसीआर या कंपनीच्या साहाय्याने ती अमेरिकन मानक संस्थेच्या, म्हणजे आन्सीच्या, समितीपुढे ठेवण्यात आली. तेथे पहिला प्रश्न निघाला तो नावाचा. जे मानक सर्वांसाठी आहे त्यास एका कंपनीचे नाव देता येणार नाही, अशी समितीची भूमिका होती. जवळजवळ एक संपूर्ण दिवस चर्चा करून स्मॉल कॉम्प्युटर सिस्टिम इंटरफेस हे नाव ठरले. या नावाच्या आद्याक्षरांचा उच्चार बाउचर यांच्या मनात काही वेगळा, आकर्षक असा होता. परंतु डॅल ॲलन यांनी केलेला 'स्कझी' हा उच्चार सर्वांच्या तोंडी बसला. नाव ठरवणाऱ्याची इच्छा एक आणि बोलणाऱ्यांची रूढी दुसरी, असा हा प्रकार भाषाभ्यासकांच्या परिचयाचा आहे. रूढीच बलीयसी ठरली.

हे मानक १९८६ मध्ये संमत झाले. परंतु मानक संमत झाले म्हणजे भाषा एक झाली, असे नव्हे. पहिल्या स्कझीत पुष्कळ गोष्टी ऐच्छिक होत्या. 'तू कोण आहेस?' असे उपकरणास विचारण्याची 'इन्क्वायरी' ही आज्ञादेखील सर्वांवर बंधनकारक नव्हती. त्याशिवाय प्रत्येक कारखानदारास स्वतःच्या खास आज्ञांसाठी जागा मोकळी ठेवली होती. परिणामी एकाच व्याकरणाखाली अनेक बोली नांदू लागल्या. डिस्क बनवणाऱ्यांनी आपसांत एक समान आज्ञासंच ठरवून स्वतःपुरती एकवाक्यता साधली. टेप ड्राइव्हांच्या वाट्याला मात्र ती स्कझी-२ च्या द्वारेच आली. या दुसऱ्या आवृत्तीचा मसुदा बराच आधीपासून व्यवहारात होता. तिला औपचारिक संमती १९९४ मध्ये मिळाली. 'स्कझी' असे लिहिलेले दोन टेप ड्राइव्ह सारखेच वागतील ही अपेक्षा त्या काळी वारंवार फसत असे, त्याचे कारण हे आहे. ड्राइव्हच्या अंगावरील नाव मानकाचे होते. पण तो बोलत असे आपल्या कारखान्याची बोली.

४

आता या बसवरील व्यवहाराचे स्वरूप पाहू. मूळच्या अरुंद स्कझीत पन्नास तारांची केबल असे. त्यांपैकी आठ तारा माहितीच्या, एक ताळ्याची आणि नऊ नियंत्रणाच्या. उरलेल्या बहुतेक जमिनीस जोडलेल्या. बसवर जास्तीत जास्त आठ उपकरणे असू शकत आणि त्यांत संगणकाचे कार्डही मोजले जाई. प्रत्येकास ० ते ७ यांपैकी एक क्रमांक द्यावा लागे. तो ड्राइव्हच्या पाठीवरील तीन लहान पिनांवर जंपर बसवून ठरवत. या तीन जागांची किंमत अनुक्रमे १, २ आणि ४. एकाच क्रमांकाची दोन उपकरणे बसवर आली की गोंधळ उडे, कारण हाक एकास मारली तर ओ दोघे देत.

हा क्रमांक केवळ पत्ता नव्हता. तो मानही होता. बस मोकळी असताना दोघांना एकाच वेळी बोलावयाचे असल्यास प्रत्येक जण आपल्या क्रमांकाची माहितीची तार उचलून धरी आणि आपल्याहून वरचा क्रमांक कोणी उचलला आहे काय हे पाही. वरचा दिसला की खालच्याने माघार घ्यावयाची. सासीत ही सोय नव्हती. ती स्कझीत आली. संगणकाच्या कार्डास बहुधा ७ हा सर्वांत वरचा क्रमांक दिला जाई. इतरांस कोणता द्यावा हे मानकात सांगितलेले नव्हते, पण रूढी होत्या. उदाहरणार्थ, सन कंपनीच्या संगणकांत मुख्य डिस्क ३, टेप ड्राइव्ह ४ आणि सीडीरॉम ६ अशी पद्धत पडली होती. ज्याला ही रूढी ठाऊक नाही त्याच्या हातून केलेली जोडणी मानकाप्रमाणे शुद्ध असूनही चालत नसे.

क्रमांकानंतर टर्मिनेटरचा प्रश्न. तारेवरून धावणारा विद्युत्संकेत मोकळ्या टोकास पोहोचला की तेथून परततो, आणि हा प्रतिध्वनी मूळ संकेतात मिसळून त्यास विकृत करतो. तो शोषून घेण्यासाठी बसच्या दोन्ही टोकांस रोध बसवावे लागत; साध्या प्रकारच्या टर्मिनेटरात प्रत्येक तारेमागे २२० आणि ३३० ओहमांची एक जोडी असे. नियम सोपा होता : दोन्ही टोकांस टर्मिनेटर हवा, मध्ये कोठेही नको. परंतु टेप ड्राइव्ह हा पुष्कळदा संगणकाबाहेरील वेगळ्या पेटीत, साखळीच्या शेवटी असे, आणि टर्मिनेटर त्याच्याच पाठीवर बसलेला असे. कोणी तो ड्राइव्ह दुसरीकडे नेला की टर्मिनेटरही त्याच्याबरोबर जाई आणि मागे उरलेल्या डिस्का अकारण चुकू लागत. दोष दिसे एका ठिकाणी आणि कारण असे दुसऱ्याच. केबलीची लांबीही मर्यादित होती : साध्या स्कझीस सर्व मिळून ६ मीटर, वेग दुप्पट केल्यास ३ मीटर.

बोलण्याची रीत तर संभाषणाच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावी अशी आहे. प्रथम बस मोकळी, मग स्पर्धा, मग निवड, म्हणजे ज्याच्याशी बोलावयाचे त्यास हाक, मग आज्ञा, मग माहितीची देवघेव, मग काम झाले की नाही याचे निवेदन, आणि शेवटी निरोप. माहितीचा प्रत्येक भाग एकाने मागावयाचा व दुसऱ्याने त्याची पोच द्यावयाची. या रीतीत टेप ड्राइव्हच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची सोय म्हणजे मध्येच रजा घेण्याची. फीत आरंभापर्यंत गुंडाळण्यास काही मिनिटे लागतात. तेवढा वेळ ड्राइव्हने बस अडवून धरली तर डिस्कांचे काम ठप्प होईल. म्हणून ड्राइव्ह आज्ञा ऐकून घेतो, बस सोडतो, आपले काम करतो आणि ते पुरे झाल्यावर संगणकास स्वतःहून हाक मारून तुटलेला धागा पुन्हा जोडतो. मंद गतीच्या माणसास सभेत स्थान मिळावे, पण त्याच्यासाठी सभा थांबू नये, अशी ही व्यवस्था होय.

५

एवढे झाल्यावर ड्राइव्ह संगणकास 'दिसतो'. परंतु दिसणे म्हणजे वाचता येणे नव्हे. इन्क्वायरीच्या उत्तरात प्रत्येक उपकरण आपली जात सांगते : डिस्क असल्यास शून्य, फीत असल्यास एक. या दोन जातींतील भेद पोथी आणि कोश यांच्यातील भेदासारखा आहे. डिस्कवर हवे ते पान एकदम उघडता येते. फीत आरंभापासून क्रमाने वाचावी लागते. तिच्यावर मजकूर ठोकळ्यांच्या, म्हणजे ब्लॉकांच्या, रूपात लिहिला जातो आणि एक प्रकरण संपले की 'फाइलमार्क' नावाची खूण केली जाते. हस्तलिखितातील दंडाचे जे कार्य तेच या खुणेचे.

ब्लॉकचा आकार ठरावीक ठेवावा की बदलता, आणि ठरावीक असल्यास किती, हे लिहिणाऱ्याने ठरवावयाचे असते. वाचणाऱ्याने वेगळाच आकार धरला तर ड्राइव्ह चूक दाखवतो, आणि अननुभवी माणूस फीतच बिघडली असे समजतो. कितीतरी फिती अशा रीतीने, मजकूर शाबूत असताना, टाकून दिल्या गेल्या असतील. दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. लिनक्स प्रणालीत एकाच ड्राइव्हला दोन नावे असतात : 'एसटी-०' आणि 'एनएसटी-०'. मराठी वाचकास 'एसटी' या अक्षरांनी निराळ्याच बसची आठवण होईल. येथे ती स्कझी आणि टेप यांची आद्याक्षरे आहेत. पहिल्या नावाने काम केल्यास काम संपताच फीत आपोआप आरंभाशी गुंडाळली जाते. दुसऱ्या नावाने केल्यास आहे तेथेच थांबते. एकामागून एक दोन संच उतरवताना चुकून पहिले नाव वापरले, तर दुसरा संच पहिल्याच्या डोक्यावर लिहिला जातो, आणि कोणतीही चूक दाखवली जात नाही. एका 'न'काराने वाक्याचा अर्थ फिरावा, तसाच हा प्रकार.

स्कझीच्या आश्रयाने फितींचे जे प्रकार वाढले त्यांची नावे येथे घेतली पाहिजेत. थ्रीएम कंपनीने १९७२ मध्ये आणलेली पाव इंची फितींची डबी आधीपासून होतीच. १९८७ मध्ये एक्झाबाइट कंपनीने व्हिडिओ कॅमेऱ्यातील ८ मिलिमीटर फितीवर दोन अब्जांहून अधिक बाइट मावणारा ड्राइव्ह आणला. १९८९ मध्ये सोनी व ह्यूलेट-पॅकार्ड यांनी ध्वनिमुद्रणाच्या ४ मिलिमीटर फितीवरून डीडीएस हा प्रकार सिद्ध केला. आमच्या कपाटातील फिती याच जातीच्या, चौथ्या पिढीच्या होत्या. इ. स. २००० मध्ये एलटीओ ही फीत आली; तिची पहिली पिढी १०० गीगाबाइटची होती. या सर्वांना स्कझीच्या केबलीने जोडता येत होते. फितीची रुंदी, मुद्रणाची पद्धत, कारखानदार, सर्व वेगळे. आज्ञा मात्र त्याच : लिही, वाच, खूण कर, पुढे जा, गुंडाळ.

६

मध्यंतरी बसही बदलत होती. ती आठाऐवजी सोळा माहितीतारांची झाली आणि सोळा उपकरणांस जागा झाली. कमी दाबाच्या जोडतारांची पद्धत आल्यावर लांबी १२ मीटरपर्यंत गेली. मात्र अशा बसवर जुन्या पद्धतीचे एकच उपकरण आले तरी सर्व बस जुन्या मर्यादांवर उतरे. एका पाहुण्यासाठी सर्व सभेने त्याच्या गतीने बोलावे, असा तो शिष्टाचार होता. अखेर वेग इतका वाढला की अनेक समांतर तारांवरील संकेत एकाच क्षणी पोहोचवणे दुष्कर झाले. इ. स. २००३-०४ च्या सुमारास एसएएस ही मालिका-पद्धतीची जोडणी पुढे आली. तीत प्रत्येक उपकरणास स्वतंत्र मार्ग असतो. जंपर नाही, हाताने लावावयाचा टर्मिनेटर नाही, क्रमांकांची भांडणे नाहीत. काटेकोर अर्थाने ती बस राहिलीच नाही.

तरीही एक गोष्ट टिकली. १९९० नंतरच्या दशकात स्कझीच्या मानकाची पुनर्रचना करताना समितीने त्याचे थर वेगळे केले : तारांचे मानक निराळे, वहनाचे निराळे आणि आज्ञांचे निराळे. त्यामुळे तारा गेल्या तरी आज्ञा राहिल्या. आज एलटीओचा नवा ड्राइव्ह एसएएस किंवा फायबर चॅनेलने जोडला तरी त्यास दिल्या जाणाऱ्या मूळ आज्ञा स्कझीच्याच परंपरेतील असतात. ध्वनी बदलावे, लिपी बदलावी, पण व्याकरणाचा सांगाडा कायम राहावा, असे भाषांच्या इतिहासात घडते. येथे मात्र ते आपोआप घडले नाही. कोणीतरी समजून-उमजून आज्ञांना तारांपासून सोडवले, म्हणून घडले.

परंतु या सातत्याने हुरळून जाऊ नये. व्याकरण टिकले तरी जुनी फीत नव्या ड्राइव्हमध्ये वाचता येईलच असे नाही. एलटीओच्या आरंभीच्या पिढ्यांत असा दंडक होता की, प्रत्येक ड्राइव्हने आपल्यामागील दोन पिढ्यांच्या फिती वाचाव्या. २०१७ मध्ये आलेल्या आठव्या पिढीने तो मोडला. ती मागील एकच पिढी वाचते. म्हणजे फीत पुढील ड्राइव्हवर हलवण्याचे काम ठरावीक काळाने करावेच लागते. न केल्यास तो दोष फितीचा नव्हे, राखणाऱ्याचा.

मराठीच्या अभ्यासकास या संकेतांचा आणखी एक थर विचारात घ्यावा लागतो. फितीवरील बाइट बिनचूक वाचले, तरी ते कोणत्या अक्षरांचे द्योतक आहेत हे ठरलेले असावे लागते. देवनागरीसह भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये 'इस्की' हे भारतीय मानक झाले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही आली आणि तीतही देवनागरी होती. पण पुढील अनेक वर्षे मराठी मजकूर विशिष्ट फॉन्टांच्या खाजगी संकेतांत लिहिला जात होता. अशा फॉन्टाची माहिती हरवली की मजकूर जसाच्या तसा मिळूनही निरर्थक चिन्हांची रांग दिसते. तार, आज्ञा, ब्लॉक, अक्षर : या चार थरांपैकी कोणताही एक तुटला की परिणाम एकच, मौन.

७

या विवेचनास दोन प्रसिद्ध उदाहरणांची जोड देतो. १९६६-६७ मध्ये अमेरिकेने चंद्राभोवती पाठवलेल्या पाच लूनर ऑर्बिटर यानांनी घेतलेली छायाचित्रे पृथ्वीवर फितींवर साठवली गेली. त्या ॲनालॉग पद्धतीच्या होत्या, संगणकाच्या बसवरील नव्हेत. पण प्रश्न तोच होता. त्या वाचणारी अँपेक्स कंपनीची एफआर-९०० ही यंत्रे कालबाह्य झाली. नॅन्सी इव्हान्स या अभिलेखपाल बाईंनी फिती नष्ट होऊ दिल्या नाहीत व अशी चार यंत्रे स्वतःच्या घरच्या आवारात वर्षानुवर्षे सांभाळली. त्यांच्याच आधारे २००८ मध्ये चंद्राच्या क्षितिजावर दिसणाऱ्या पृथ्वीचे जुने छायाचित्र पुन्हा, पूर्वीपेक्षा कितीतरी स्पष्ट, उभे करता आले. फितींइतकेच यंत्र महत्त्वाचे, हे त्या एका बाईंनी ओळखले होते. दुसरे उदाहरण याच्या उलट बाजूचे आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगल कंपनीच्या ई-मेल सेवेतील काही खात्यांचा मजकूर कार्यक्रमातील दोषामुळे नाहीसा झाला. तो अनेक ठिकाणच्या डिस्कांवर एकाच वेळी साठवलेला होता, पण तोच दोष त्या सर्वांस बाधला. शेवटी फितींवरील प्रतीतून तो परत मिळवावा लागला. जी फीत बसवरून काढून बाजूला ठेवली आहे तिच्यापर्यंत बसवरील चूक पोहोचत नाही, हा तिचा गुण येथे दिसला. पण तो उपयोगी पडला तो तिची जोडणी जिवंत होती म्हणून.

यावर कोणी असे म्हणेल की, आता सर्व काही दूरच्या संगणकांवर ठेवता येत असता जुन्या केबलींचा हा विचार कशासाठी? त्यास उत्तर असे की, तेथेही फिती आहेत, आज्ञा आहेत आणि करार आहेत. फरक इतकाच की ते आपल्या दृष्टीआड आहेत. शिवाय १९८५ ते २०१० या काळातील आपल्या विद्यापीठांची पुष्कळ सामग्री अजून कपाटांतच आहे, आणि ती तेथून हलवावयाची तर याच केबलींच्या वाटेने हलवावी लागेल.

आमच्या डब्याचे पुढे काय झाले ते सांगून लेख आवरतो. एक वापरलेला ड्राइव्ह आणि योग्य कार्ड बसू शकेल असा जुना संगणक मिळाला. प्रथम ड्राइव्ह दिसेना. केबलीच्या टोकास टर्मिनेटर नव्हता. तो लावल्यावर दिसू लागला, पण वाचेना. तेव्हा ब्लॉकचा आकार बदलता धरून पहिलाच ब्लॉक उचलून पाहिला : तो १०,२४० बाइटचा निघाला. 'टार' हा संग्राहक कार्यक्रम काही वेगळे न सांगितल्यास याच आकाराने लिहितो. हस्ताक्षरावरून लेखकु ओळखावा, तसा आकारावरून कार्यक्रम ओळखला गेला आणि अकरांपैकी नऊ फिती वाचल्या. दहावीचा पृष्ठभाग खराब झाला आहे. अकरावी यंत्र बिनचूक वाचते, परंतु ती कोणत्या कार्यक्रमाने लिहिली हे आम्हांस अद्याप उलगडलेले नाही. तिच्यावर ज्यांचा आवाज असावा असा आमचा तर्क आहे, त्या आजीबाई आता हयात नाहीत. आणि त्यांच्या बोलीतील क्रियापदांची जी रूपे आमच्या वह्यांत प्रश्नचिन्हासह नोंदलेली आहेत, ती पडताळण्याचा दुसरा मार्ग उरलेला नाही. त्या वेळी डब्यात एक कागद टाकावा, हे मला सुचले नाही. ते काम माझ्याकडे होते.

तो कागद फार मोठा असण्याची गरज नव्हती. ड्राइव्हची जात व पिढी, जोडणीचा प्रकार, ब्लॉकचा आकार आणि तो ठरावीक की बदलता, ड्राइव्हने मजकूर आकुंचित केला होता की नाही, लिहिणाऱ्या कार्यक्रमाचे व प्रणालीचे नाव, फाइलमार्कांची संख्या, मजकुराचा अक्षरसंकेत, तारीख आणि लिहिणाऱ्याची सही : पोस्टकार्डाच्या एका बाजूस मावेल एवढाच हा मजकूर. हस्तलिखिताच्या शेवटी लेखकु आपले नाव, शक आणि स्थळ लिहून ठेवी; त्या पुष्पिकेवाचून पोथीचे वर्णन पुरे होत नाही असे आपण मानतो. फितीसही अशी पुष्पिका असावी. ज्या विभागांत असे डबे आहेत त्यांनी ती, लिहिणारे हयात आणि स्मरणात आहेत तोवर, लिहून घ्यावी, एवढीच या लेखाची विनंती आहे.